तंबोरा, लेहरा आणि स्वराची रेघ: रियाझाच्या सॉफ्टवेअरसाठी ऑडिओ इंजिन कोणतं घ्यावं?

जोडीची_तार (मिरज)

नमस्कार मंडळी. मिरजेतल्या एका गायनवर्गासाठी रियाझाचं सॉफ्टवेअर लिहायचंय. त्यात तीन गोष्टी हव्यात. चार किंवा पाच तारांचा तंबोरा, तबल्याच्या रियाझाला लागणारा लेहरा (तालाच्या आवर्तनाला धरून पुन्हा पुन्हा वाजणारी धून), आणि गाणाऱ्याचा स्वर नेमका कुठं लागतोय ते पडद्यावर रेघेनं दाखवणं. पट्टी काळी एकपासून काळी पाचपर्यंत बदलता यावी, शिवाय सेंटच्या (अर्ध्या स्वराच्या शंभराव्या भागाच्या) हिशेबात बारीकही करता यावी. लेहरा वाजत असताना लय कमी-जास्त करता आली पाहिजे.

वर्गातली यंत्रं साधी आहेत: विंडोज लॅपटॉप, आय-थ्री, ८ जीबी रॅम. बाहेरचं साउंडकार्ड एकाच लॅपटॉपला. पुढं अँड्रॉइडवरही न्यायचंय, कारण मुलांच्या घरी फोनच असतो. सी++ चांगलं येतं.

ज्यूस, पोर्टऑडिओ, मिनिऑडिओ, सुपरकोलायडर, प्युअर डेटा, सीसाउंड, फाउस्ट अशी नावं समोर आहेत. यातलं इंजिन कोणतं आणि साउंडकार्डाशी नुसतं बोलणारा थर कोणता, तेच नीट उलगडत नाही. लेटन्सी (आवाज सॉफ्टवेअरमधून बाहेर यायला लागणारा उशीर) ५ मिलिसेकंदांच्या आत हवी असं जिथं तिथं लिहिलेलं असतं, ते या लॅपटॉपवर जमेल का? आणि तंबोरा रेकॉर्ड करून वाजवावा की गणितानं तयार करावा?

बफर_चौसष्ट (सांगली)

आधी लेटन्सीचं बघू, कारण त्यावर निम्मी निवड ठरते.

तुमच्या सॉफ्टवेअरला ५ मिलिसेकंद लागतच नाहीत. तंबोरा २० मिलिसेकंद उशिरा सुरू झाला तर कुणाचं काय अडतं? लेहऱ्याचंही तसंच. तबलजी जे ऐकतो त्यावर ठेका धरतो, त्यामुळे उशीर कायम तेवढाच राहिला तर तो जाणवत नाही. स्पीकरपासून ३ मीटरवर बसलं तरी आवाज पोचायला ९ मिलिसेकंद लागतातच. स्वराची रेघ ५० मिलिसेकंद मागे असली तरी डोळ्याला कळत नाही. कमी लेटन्सी खरी लागते ती दोन ठिकाणी. एक, गाणाऱ्याला स्वतःचाच आवाज सॉफ्टवेअरमधून फिरवून हेडफोनवर ऐकवायचा असेल तर. दुसरं, पॅडवर बोट मारून तबला वाजवायचा असेल तर. तुमच्या यादीत दोन्ही नाहीत. स्वतःचा आवाज ऐकायचाच झाला तर साउंडकार्डावरचा डायरेक्ट मॉनिटर चालू करा, तो आवाज संगणकातून फिरून येतच नाही.

म्हणजे ४८,००० च्या सॅम्पल रेटला (सेकंदाला आवाजाचे तेवढे नमुने) ४८० फ्रेमचा बफर (एका वेळी भरायचा नमुन्यांचा तुकडा), बरोबर १० मिलिसेकंद. विंडोजची आवाजाची यंत्रणा वासापी, ती शेअर्ड मोडमध्ये (साउंडकार्ड सगळ्या प्रोग्रॅममध्ये वाटून) साधारण याच ठोक्यानं चालते, आणि आय-थ्रीला ते सहज झेपतं. ६४ फ्रेमचा बफर ठेवलात तर १.३३ मिलिसेकंदांत सगळं गणित संपवावं लागतं. वाय-फायच्या ड्रायव्हरनं मध्येच २ मिलिसेकंद अडवले की तंबोऱ्यात तडतड. लॅपटॉपचे ड्रायव्हर किती अडवतात ते लेटन्सीमॉन हे छोटं सॉफ्टवेअर चालवून १० मिनिटांत दिसतं. बॅटरीवर आणि चार्जरवर अशी दोनदा मोजा, आकडे वेगळे येतात.

आता नावं. पोर्टऑडिओ आणि मिनिऑडिओ हे साउंडकार्डापर्यंत पोचवणारे थर. ते तुम्हाला रिकामा बफर देतात, भरायचा तुम्हीच. (मिनिऑडिओत वरचं छोटं इंजिनही आहे, पण तुमच्या कामाला ते पुरणार नाही.) सुपरकोलायडर, प्युअर डेटा, सीसाउंड ही खरी इंजिनं, त्यांच्यात ऑसिलेटर, फिल्टर, वेळापत्रक सगळं आहे. फाउस्ट ही भाषा आहे, तिच्यात लिहिलेल्या गणिताचं सी++ होऊन बाहेर पडतं. ज्यूस हा मोठा संसार: साउंडकार्डाचा थर, खिडक्या-बटणं, प्लगइन, सगळं एका छताखाली.

माझा सल्ला असा. तंबोरा, लेहरा आणि स्वरशोध हा गाभा साध्या सी++ मध्ये, कुठल्याही लायब्ररीवर न टेकता लिहा. त्याला एकच दार ठेवा: इतक्या फ्रेम भर, हा घे माइकचा बफर. त्या दाराबाहेर मिनिऑडिओ लावा. ती एकाच फाइलीत मावते, परवान्याची कटकट नाही, आणि विंडोजवर वासापी, अँड्रॉइडवर एऑडिओ ती आपली आपण धरते. एएसआयओ (साउंडकार्डाशी कमी उशिरात बोलणारी ड्रायव्हरची पद्धत) मात्र तिला येत नाही. बाहेरच्या कार्डासाठी ते हवंच असेल तर पोर्टऑडिओ. दार तेच असल्यामुळे हा बदल एका दिवसाचा असतो.

एक सावधगिरी. कार्ड ४४,१०० वर असताना तुम्ही ४८,००० मागितलेत तर मिनिऑडिओ काही न बोलता मध्ये रूपांतर घालते, आणि मुळात ते साधं रेषीय असतं. तंबोऱ्याच्या वरच्या स्वरांशांवर त्याची किंचित खरखर चढते. कार्डाचा रेट विचारून गाभाच त्या रेटला सुरू करा. ४८,००० हा आकडा कोडात कुठंही हातानं लिहू नका.

कृष्णाकाठ (कराड)

बफर_चौसष्ट दादांशी थोडं वेगळं मत. पहिल्या दिवसापासून सगळं सी++ मध्ये लिहायला गेलं तर तंबोरा ऐकायला मिळायलाच महिने जातात, आणि तोवर वर्गातल्या गुरुजींना काय हवंय ते कळत नाही. नमुना सुपरकोलायडरमध्ये करा. १९९६ पासून आहे, तारेच्या छेडीसाठी त्यात प्लक नावाचा तयार घटक आहे, आणि चार तारांचा तंबोरा तासाभरात कानावर येतो.

त्याची रचना समजून घ्या म्हणजे अडणार नाही. आवाज करणारा सर्व्हर वेगळा आणि त्याला हुकूम देणारा वेगळा. दोघं ओएससी निरोपांनी (संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये हुकूम पाठवायची ठरलेली पद्धत) बोलतात, सर्व्हर यूडीपीच्या ५७११० पोर्टवर ऐकतो. म्हणजे बटणं-खिडक्या तुम्ही कुठल्याही भाषेत करू शकता. नवखी माणसं अडतात ती तीन जागी. माइक आणि स्पीकर वेगळ्या सॅम्पल रेटवर असले तर सर्व्हर उठतच नाही; विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये दोन्ही सारखे करा. दुसरं, लांब डिले (आवाज थोड्या वेळानं परत ऐकवणं) आणि रिव्हर्ब (घुमारा) भरपूर वापरले की मेमरी मिळाली नाही अशी तक्रार येते. ही मेमरी सुरुवातीलाच बाजूला काढलेली असते, मुळात ८,१९२ किलोबाइट. सर्व्हर चालू करण्याआधी ती वाढवा. तिसरं, पॅटर्नमधून (सुपरकोलायडरमधली स्वरांची क्रमवार यादी) लेहरा वाजवला की निरोप ०.२ सेकंद पुढची वेळ घालून जातात. हा दोष नाही, त्यामुळेच मात्रा जागच्या जागी पडतात. पण बटण दाबल्यावर उशीर का, असा प्रश्न पडतो तो यामुळे.

फोनवर न्यायचं म्हटलं की मात्र सुपरकोलायडर सोयीचं नाही, आणि परवाना जीपीएल आहे (सॉफ्टवेअर वाटलं की त्याचा कोडही खुला द्यावा लागतो) हे वाटप करण्याआधी ध्यानात घ्या. त्या वाटेनं जायचं तर प्युअर डेटा बरा: परवाना मोकळा आहे, आणि लिबपीडी (त्याचंच लायब्ररीचं रूप) अँड्रॉइडच्या ॲपमध्ये बसवता येते. फक्त एक मर्यादा. प्युअर डेटा ६४ सॅम्पलच्या तुकड्यांत काम करतो, म्हणून डिलेचा आवाज परत त्याच डिलेत सोडायचा तर एका तुकड्याहून छोटा फेरा होत नाही. ४८,००० ला ६४ म्हणजे ७५० हर्ट्झ. तंबोऱ्याच्या तारा याच्या बऱ्याच खाली असल्यामुळे चालून जातं. स्वरमंडल करायला गेलात तर वरच्या तारा सुरात येणार नाहीत. तेवढ्या उपपॅचचा (आत घातलेल्या छोट्या प्रोग्रॅमचा) तुकडा एका सॅम्पलचा करावा लागतो, आणि मग प्रोसेसर खातो. फाउस्टमध्ये ही अडचणच नाही, तिथं फेरा एका सॅम्पलचाही होतो. सीसाउंडही समर्थ आहे, पण सी++ येणाऱ्या माणसानं त्याची वेगळी लिहिण्याची पद्धत शिकण्यात वेळ घालवावा असं मला वाटत नाही.

अजिंक्यतारा_कोड (सातारा)

इंजिन कुठलंही घ्या, तडतड येते ती कॉलबॅकमध्ये (बफर भरायला ज्या फंक्शनला हाक येते त्यात) नको ते केल्यानं. वासापी असो की एऑडिओ, साउंडकार्ड ठरावीक काळानं (४८० च्या बफरला दर १० मिलिसेकंदांनी) हाक मारतं आणि तेवढ्या वेळात बफर भरून परत द्यायचा असतो. म्हणून त्या फंक्शनात मेमरी मागायची नाही, सोडायची नाही, फाइल उघडायची नाही, लॉगला ओळ लिहायची नाही आणि म्यूटेक्स (एका वेळी एकाच थ्रेडला, म्हणजे समांतर चालणाऱ्या एकाच कामाला, आत सोडणारं कुलूप) धरायचा नाही. म्यूटेक्सचं लोकांना पटत नाही, कारण चाचणीत तो कधी अडत नाही. खिडकी रंगवणाऱ्या थ्रेडनं तो धरला आणि त्याच क्षणी विंडोजनं त्या थ्रेडला बाजूला बसवलं, की तुमचा आवाजाचा थ्रेड ताटकळतो. हे दिवसातून दोनदाच होतं, आणि नेमकं कार्यक्रमात होतं.

त्याऐवजी एक लिहिणारा आणि एक वाचणारा असा रिंग बफर (गोल फिरून भरत जाणारी रांग) ठेवा. आकार दोनच्या घातात, दोन ॲटॉमिक (कुलुपाशिवाय सुरक्षित बदलणारे) निर्देशांक, बस. बटणांचे हुकूम एका रिंगमधून आत येतात, माइकचे सॅम्पल दुसऱ्या रिंगमधून स्वरशोधाच्या थ्रेडकडे बाहेर जातात. पट्टी बदलली की नवी रेकॉर्डिंग तिसरा थ्रेड डिस्कवरून उचलतो आणि तयार झाल्यावर फक्त पॉइंटर (मेमरीतला पत्ता) आत सोडतो. जुनी मेमरी मोकळी करायची तीही त्याच थ्रेडनं. कॉलबॅकनं जुना पॉइंटर परतीच्या रिंगमध्ये टाकायचा, एवढंच त्याचं काम. इथं शेअर्ड पॉइंटर (शेवटच्या धरणाऱ्यानं सोडला की मेमरी आपोआप मोकळी करणारा) वापरला तर शेवटचा धरणारा कॉलबॅकच निघतो आणि मेमरी सोडण्याचं काम त्याच्याच गळ्यात पडतं. ही चूक फार ठिकाणी दिसते.

व्हॉल्यूम किंवा पॅनची किंमत एकदम बदलली की 'टक्' असा आवाज येतो. २० मिलिसेकंदांत हळूहळू सरकवा.

लेहऱ्याची वेळ विंडोजच्या टायमरवर सोडू नका, त्याचा नेहमीचा ठोका १५.६ मिलिसेकंदांचा आहे. मात्रा सॅम्पलमध्येच मोजा: ६० च्या लयीत एक मात्रा म्हणजे ४८,००० सॅम्पल. द्रुत ३२० ला मात्रा १८७.५ मिलिसेकंदांची. आता स्वर बफरच्या सुरुवातीलाच सुरू करायची सोपी वाट धरलीत, तर ४८० च्या बफरला प्रत्येक स्वर १० मिलिसेकंदांपर्यंत मागेपुढे होतो. कायमचा उशीर चालतो असं वर म्हटलंय ते खरं, पण हा उशीर दर मात्रेला वेगळा आहे, आणि तबलजीला लेहरा डगमगल्यासारखा वाटतो. म्हणून बफरच्या आत नेमक्या कितव्या सॅम्पलला स्वर सुरू करायचा ते काढा. मात्रेची लांबीही पूर्णांकात तोडू नका: १७० च्या लयीत ती १६,९४१.१८ येते. अपूर्णांक डबलमध्ये पुढं नेत राहा. लय बदलली की पुढच्या मात्रेपासून नवा आकडा लावा, चालू मात्रा मध्येच ताणली तर सम घसरल्यासारखी वाटते.

लेहऱ्याचं अख्खं आवर्तन रेकॉर्ड करून ताणण्यापेक्षा हार्मोनियम किंवा सारंगीचा एकेक स्वर वेगळा रेकॉर्ड करा. तीनतालाच्या १६ मात्रांचा लेहरा मग नुसत्या स्वरांच्या आकड्यांची यादी होतो, आणि लय ४० असो की ३००, सुरांवर ताण दिसत नाही.

एक शेवटची खोड. तंबोरा थांबवल्यावर शांतता असताना प्रोसेसर चढत असेल, तर ते डिनॉर्मल आकडे. विरत जाणारा आवाज शून्याच्या इतका जवळ जातो की इंटेलचा प्रोसेसर त्या आकड्यांवर कितीतरी हळू चालतो. असे आकडे सरळ शून्य धरायची खूण प्रोसेसरमध्ये लावता येते, एफटीझेड आणि डीएझेड. ती थ्रेडनिहाय असते, तेव्हा मेनमध्ये लावून उपयोग नाही, कॉलबॅकच्या सुरुवातीलाच लावा.

खर्ज_पंचम (मिरज)

तंबोऱ्याबद्दल. ज्या गावाच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तिथं बसून तुम्ही हे करताय, तर वाद्य रेकॉर्डच करा. गणितानं तार करता येते. कार्प्लस आणि स्ट्राँग यांची १९८३ ची पद्धत फार सोपी आहे: डिले, त्यात सौम्य फिल्टर, आणि फेरा. पण त्यातून येते ती गिटारसारखी तार. तंबोऱ्याचा जीव जवारीत आहे. घोडीच्या किंचित उतरत्या पाठीवर तार हळूच टेकत-सुटत राहते, खाली दोरा सरकवला की ती जागा बदलते, आणि म्हणून एकाच छेडीत स्वरांश वरून खाली ओघळत गेल्यासारखे ऐकू येतात. तार आणि घोडीची ही टक्कर दर सॅम्पलला सोडवावी लागते. अभ्यास म्हणून जरूर करा, वर्गाला द्यायला नको.

तरी कुणी कार्प्लस-स्ट्राँग करणार असेल तर डिले पूर्णांकात ठेवू नका. काळी एकचा षड्ज १३८.५९ हर्ट्झ, म्हणजे ४८,००० ला ३४६.३५ सॅम्पल. ३४६ आणि ३४७ यांत ५ सेंटचं अंतर आहे. पट्टी बारीक करायची खुंटी फिरवली की सूर सरकणार नाही, ५-५ सेंटच्या उड्या मारेल, आणि जोडीच्या तारा कधीच मिळणार नाहीत. अपूर्णांकाचा डिले ऑलपास किंवा लाग्रांज पद्धतीनं करा.

रेकॉर्डिंगसाठी दोन वाद्यं लागतील. पुरुषी पट्टीचा मोठा तंबोरा आणि बायकी पट्टीचा लहान, कारण एकाच वाद्याच्या तारा काळी एकपासून काळी पाचपर्यंत ताणत नाहीत. ताणल्या तरी जवारी प्रत्येक पट्टीला नव्यानं लावावी लागते. वेग बदलून रेकॉर्डिंग एक पट्टी (अर्धा स्वर) वर किंवा खाली नेलं तर चालतं. त्यापुढं भोपळ्याचा घुमाराच बदलतो आणि वाद्य खेळण्यातलं वाटायला लागतं. म्हणून एक पट्टी सोडून एक रेकॉर्ड करा.

माइक घोडीपासून ३० ते ४० सेंटिमीटरवर, थोडा भोपळ्याकडे वळवून. पंखा बंद. छेड एकाच तारेची, पण बाकीच्या तारा हातानं दाबू नका. त्यांचा अनुनाद त्या छेडीचाच भाग आहे. मात्र यामुळे पंचमाचा, मध्यमाचा आणि निषादाचा संच वेगवेगळा घ्यावा लागतो. पंचमात मिळवलेल्या वाद्यावरची खर्जाची छेड मध्यमाच्या संचात घातली तर मागे पंचम रेंगाळतो, आणि मालकंस गाणाऱ्याला तो टोचतो. प्रत्येक तारेच्या किमान तीन छेडी घ्या, प्रत्येकी १० सेकंद, शेपूट पूर्ण विरेपर्यंत. एकच छेड फिरून फिरून वाजली की कान दोन मिनिटांत ओळखतो. तीन आलटून पालटून, आणि दोन छेडींमधल्या वेळेत १५-२० मिलिसेकंदांचा अनियमितपणा घाला.

मेमरीची भीती नको. चार तारा, तीन छेडी, १० सेकंद, म्हणजे १२० सेकंद. मोनो ३२ बिट फ्लोटमध्ये एका पट्टीचे २३ एमबी. चालू पट्टी तेवढी रॅममध्ये ठेवा.

जोडीची_तार (मिरज)

फार मोलाची माहिती, मनापासून आभार. मोठ्या आणि लहान तंबोऱ्याची सोय सतारमेकर गल्लीत होईल. आता दिशा पक्की: गाभा सी++ मध्ये, बाहेर मिनिऑडिओ, तंबोरा रेकॉर्ड केलेला. कृष्णाकाठ दादा म्हणतात तसा लेहऱ्याचा नमुना आधी सुपरकोलायडरमध्ये करून गुरुजींना ऐकवतो.

स्वराच्या रेघेचा एक प्रश्न उरतो. आवाजातून स्वराची उंची शोधणारी यिन पद्धत लावलीय. लॅपटॉपच्या आतल्या माइकवर लांब षड्ज लावला की तीन-चार सेकंदांनी रेघ तुटते. आणि तंबोरा स्पीकरवर असला की कुणी गात नसतानाही रेघ षड्जावर उभी राहते.

बफर_चौसष्ट (सांगली)

पहिल्याचा दोष यिनचा नाही, माइकमागच्या 'सुधारणां'चा आहे. गोंगाट कमी करणारी सोय बोलण्यासाठी बनवलेली असते. जो आवाज न बदलता टिकून राहतो तो तिच्या लेखी पंखा. म्हणजे षड्ज जितका स्थिर लावावा तितका लवकर ती तो पुसते. विंडोजमध्ये माइकच्या गुणधर्मांत ऑडिओ एनहान्समेंट बंद करा, आणि लॅपटॉप बनवणाऱ्याचं वेगळं ऑडिओ ॲप असेल तर तिथंही. अँड्रॉइडवर माइक उघडताना इनपुट प्रीसेट अनप्रोसेस्ड मागा. फोन तो देत नसेल तर व्हॉइस रेकग्निशन. पुढं कधी ब्राउझरमध्ये केलंत तर प्रतिध्वनी, गोंगाट आणि आपोआप गेन या तिन्ही सोयी माइक मागतानाच नाकाराव्या लागतात.

दुसऱ्याला उपाय वायरचे इअरफोन. ब्लूटूथ नको. त्याच्यावर माइकही चालू झाला की हेडफोन फोनवर बोलायच्या पद्धतीत जातो आणि तंबोरा टेलिफोनवरून ऐकल्यासारखा होतो. स्पीकर लागणारच असेल तर माइक तोंडापासून वीतभर अंतरावर ठेवा, आणि आवाजाची पातळी ठरावीक उंबऱ्याखाली असली की रेघ काढूच नका. उंबरा असा ठरवा: तंबोरा चालू ठेवून पाच सेकंद गप्प बसायला सांगा, त्या पातळीच्या १० डेसिबल वर.

यिनची खिडकी २०४८ ठेवा, ४२.७ मिलिसेकंद. त्यात ६९ हर्ट्झच्या खर्जाचे जवळजवळ तीन फेरे मावतात, १०२४ मध्ये दीडच, आणि मग रेघ सप्तकभर उडी मारते. खिडकी दर ४८० सॅम्पलला पुढं सरकवा, सेकंदाला १०० बिंदू मिळतात. उड्या गाळायला पाच बिंदूंचा मध्यक पुरे. सरासरी घेऊ नका, गमक आणि मींड सपाट होते.

रेघेमागच्या आडव्या ओळी हार्मोनियमच्या समान अंतरांवर आखू नका. शुद्ध गंधार तंबोऱ्याच्या खर्जातून ऐकू येतो तो ३८६ सेंटवर, समान अंतरांचा ४०० वर. मूल तंबोऱ्यात मिळवून बरोबर गाईल आणि तुमचा पडदा त्याला १४ सेंट उतरलास म्हणून लाल दाखवेल. या ओळींचे आकडे सेटिंगच्या फाइलीत ठेवा, रागाप्रमाणे गुरुजींना बदलता आले पाहिजेत.